खिडकीला ठोकलेला नकाशा

मित्रांनो, तुमच्या हातातली पाण्याची बाटली ही माझी धाकटी बहीण. मी तिच्याहून वयाने बरीच मोठी आहे आणि आता थकले आहे. मी त्याच प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिएस्टरची, एक जुनी, पिवळट पडलेली फिल्म आहे. लांबी दोन हात, रुंदी दीड हात. एक अंग गुळगुळीत, दुसरे खरबरीत. कडांना खिळ्यांची भोके. आदिलाबादकडच्या वांकिडीहून चार कोस आत बोरगव्हाण नावाचे गाव आहे, तिथल्या चावडीच्या लोखंडी कपाटात मी गुंडाळी होऊन पडलेली असते. बोलायला फारसा उत्साह नाही, पण तुम्ही विचारलेत म्हणून सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या दाण्यांचा पाक केला, तो थंड रुळावर पसरला आणि मग मला आधी लांबीला ताणले, नंतर रुंदीला. ताणून घेताना कुणाला बरे वाटते? पण त्या ताणानेच मला माझा गुण दिला. मी आकसत नाही आणि फुगत नाही. कागद पावसाळ्यात फुगतो, कापड धुतले की आकसते. नकाशावर केसभर फुगणे म्हणजे शेतात दोन पावलांची चूक. म्हणून नकाशाच्या कामाला माझी निवड झाली.

ते १९८५ साल होते. तालुके मोडून मंडले, म्हणजे आणखी लहान तालुके, करण्याचा हुकूम निघाला होता. प्रत्येक नव्या मंडलाला प्रत्येक गावाचा नकाशा हवा होता आणि जुने नकाशे तर निजामाच्या अमलातले, कापडावर डकवलेले, घडीघडीला चिरलेले, एकेकच. त्यांच्या नकला करण्याचे काम कचेरीतले सुधाकरराव करत. त्यांनी मला बोरगव्हाणच्या नकाशावर पसरले आणि काळ्या शाईने एकेक रेघ माझ्या खरबरीत अंगावर उतरवली. रेघ ओढताना ते श्वास रोखत. रेघ संपली की सोडत आणि चहा मागत. अकरा दिवस आणि मोजता येणार नाहीत इतके चहा लागले. गावाची शीव, ओढा, शेतांचे नंबर, बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, वाटा आणि हद्दीच्या दगडांसाठी मोहरीएवढी वर्तुळे. कचेरीच्या साहेबांनी मला उजेडात धरले आणि म्हणाले, "सुधाकरराव, हे तर छापल्यासारखे झाले." माझ्या आयुष्यातले कौतुक एवढेच. त्यानंतर माझ्यासारखीच दुसरी एक नक्कल कचेरीत राहिली आणि मी बोरगव्हाणच्या चावडीत आले.

चावडीच्या भिंतीवर मी सोळा वर्षे होते. शेतकरी येत आणि माझ्यावर बोट टेकवत. "हे पाय, हे माह्यं वावर." बोटांचे तेल, तंबाखूचा वास, सगळे अंगाला लागले. मला त्याचा कंटाळा नव्हता. काम असले की थकवा जाणवत नाही.

मग २००१ च्या वळवात चावडीच्या पश्चिमेच्या खिडकीची काच फुटली. पाणी आत येऊ लागले, गावाच्या नोंदींचे दफ्तर भिजू लागले. चावडीचा शिपाई धोंडीबा याने इकडेतिकडे पाहिले. पाणी ज्यातून जात नाही, वाऱ्याने जे फाटत नाही आणि ज्यातून उजेडही येतो, अशी वस्तू त्या खोलीत एकच होती. त्याने मला उतरवले, खिडकीवर ताणले आणि कडांना लाकडी पट्ट्या लावून खिळे ठोकले. शाईचे अंग बाहेर गेले. त्याचा हेतू वाईट नव्हता. दफ्तर खरोखर वाचले. नकाशाची दुसरी प्रत कचेरीत आहेच, असे त्याने स्वतःला सांगितले.

तिथे मी आणखी सोळा वर्षे काढली. आदिलाबादकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. काच असती तर तिने उन्हातला सर्वांत जाळणारा भाग गाळून घेतला असता. काच नव्हती, मीच काच होते. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन सरळ माझ्या अंगावर. माझ्या रेणूंमध्ये सहा-सहा अणूंची कडी असतात. उन्हाने त्यांतल्या काहींना एकेक ऑक्सिजन चिकटत गेला. बाहेरून इतकेच दिसे की मी पिवळी पडत चालले आहे. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत शाईने तग धरला. नंतर पावसाने तिचे पापुद्रे सुटले. आधी शीव गेली, मग ओढा, मग वाटा. शेवटी मी कोरी झाले. मी नकाशा होते हे लोक विसरले. खरे सांगायचे तर मीही विसरत चालले होते.

२०१६ च्या दसऱ्याला आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. गठ्ठे बांधले, टेम्पो भरले. बोरगव्हाण नव्या जिल्ह्यात गेले, पण बोरगव्हाणचा नकाशा, ना जुना कापडी ना त्याची नक्कल, तिथे पोचला नाही. जुन्या ठिकाणी म्हणत, पाठवला. नव्या ठिकाणी म्हणत, आला नाही. वाळवीने खाल्ला, की हलवाहलवीत कुठे राहिला, कुणी सांगू शकले नाही. आणि वर्षभराने जमिनीचे दफ्तर नव्याने लिहिण्याचे काम निघाले. मोजणीवाले वामनराव आठ दिवस गावात मुक्कामाला आले. गुरुवारी त्यांना आमचे गाव संपवून पुढे जायचे होते.

आता देवकाबाईंबद्दल सांगते. नवऱ्यामागे पाच एकर कापूस त्या एकट्याच करत. त्यांच्या वावराला जायला एक पांदण होती, म्हणजे दोन शेतांच्या मधून जाणारी बंडीची वाट. शेजारचे वावर त्यांचे चुलतदीर चंपतराव यांचे. पांदण वर्षानुवर्षे अरुंद होत गेली आणि त्या दिवाळीत चंपतरावांनी तिच्यावर बोराटीचे काटे टाकून ती बंद केली. वावरात कापूस फुटून पांढरा झालेला, आणि बंडी आत जाईना. डोक्यावर गाठोडी आणून पाच एकर कापूस घरी येत नसतो. पांदण नव्या दफ्तरात चढली नाही, तर ते वावर चंपतरावांना विकण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुसरे कोण घेणार? वाट नसलेले शेत म्हणजे तोंड नसलेली विहीर.

दोन्ही घरे चौदा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हती. समोर बसले तरी मधल्या माणसाला सांगायचे. सोमवारी चावडीत तेच चालले होते.

"धोंडीबा, यायले सांग," चंपतराव म्हणाले, "पांदण वढ्याकाठून हाय. माह्या बापानं मले तेच दाखवलं."

देवकाबाईंनी भिंतीकडे तोंड केले. "धोंडीबा, त्यायले इचार, वढ्यातून बंडी जाते का मासोळी? अख्खी पांदण यायच्याच वावरात हाय. यायनंच गिळली."

लोक हसले. वामनराव हसले नाहीत. ते दमलेले होते. "बाई, नक्शात असली त मी लिहितो. नक्शा दाखवा."

"नक्शा त तुमच्याकडं पायजे!"

"आमच्याकडं नाई. म्हणूनच त तुमाले मागून राह्यलो."

धोंडीबा माझ्याखालीच बसला होता. त्याचे वय आता सत्तरीचे. दुपट्ट्याचे टोक तो बोटाला गुंडाळी, सोडी, पुन्हा गुंडाळी. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "नक्शा हाय."

"कुठी?"

"थो काय. खिडकीले."

सोळा वर्षांत प्रथमच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. खिळे उपटले, मला जमिनीवर पसरले. आणि मी कोरी. चंपतरावांच्या पोटात हसू मावेना. "धोंडीबा, यायले म्हण, पावसाळ्यात इरलं कराले बरं हाय."

धोंडीबाच्या डोळ्यांत पाणी आले. "मीच ठोकला, बावा. दफ्तर भिजून राह्यलं होतं. मले काय माईत, कचेरीतलाबी जाईन म्हणून?"

त्या गर्दीत देवकाबाईंची भाची चारुशीला होती. आदिलाबादला राहणाऱ्या त्यांच्या भावाची, गोपाळरावांची मुलगी. रसायनशास्त्र शिकून ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागली होती आणि दिवाळीला आत्याकडे आली होती. ती गुडघ्यावर बसली. मला कुणी इतके हळू धरल्याचे आठवत नाही. तिने विचारायला सुरुवात केली.

"धोंडीबाकाका, पट्ट्यांखाली ही पांढरी आणि मधे पिवळी. काच कधी फुटली? पुन्हा बसवली होती का मधे?"

"नाई. काच कोण देते आमाले?"

"शाई बाहेरच्या बाजूला होती की आतल्या?"

"बाहीरच्या."

"आणि किती वर्षं टिकली?"

"वकील हाय का वं तुई भाची?" कुणीतरी देवकाबाईंना विचारले.

संध्याकाळी ओसरीवर तिने आत्याला समजावले. देवकाबाईंच्या चोळीची बाही तिने दोन बोटे वर सरकवली. खालचा हात कापसात राबून काळा, वरचा गव्हाळ. "बघ आत्या. बाही काढली तरी बाहीची रेघ राहते ना? शाई म्हणजे या फिल्मची बाही. जिथं शाई होती तिथं ऊन लागलं नाही. शाई गेली, पण ऊन न लागलेली जागा गेली नसेल. फक्त ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही."

"मंग कोनाच्या डोयाले दिसते?"

"दिव्याच्या. पण आत्या, नक्की दिसेलच असं मी म्हणत नाही."

"म्हनू नको. आनून त पाय."

मंगळवारी ती दोन बस बदलून आदिलाबादला गेली आणि बुधवारी दुपारी प्रयोगशाळेतला दिवा घेऊन परतली. शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा डबा, त्याला दोन बटणे. दोन्ही बटणांचा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, अतिनील. एकाच्या लहरी आखूड, दुसऱ्याच्या लांब. अंधार हवा म्हणून देवकाबाईंच्या ज्वारीच्या कोठीत, जिला खिडकीच नव्हती, दाराला घोंगडी लावून सगळे दाटीने बसले. चंपतरावही आले. न येऊन कसे चालेल?

दिवा लागला आणि आधी उजळले ते धोंडीबाचे धोतर. निळेपांढरे, लखलखीत.

"बाप्पा! धोंडीबा त देव झाला!"

"साबण पावडरीत चमक आणायचं द्रव्य असतं, त्यानं," चारुशीला म्हणाली. "काका, तेवढं धोतर घोंगडीखाली घ्या. आणि आता सगळे डोळे दुसरीकडे करा, हा दिवा डोळ्यांना बरा नाही. मी सांगेन तेव्हाच बघा, आणि फक्त फिल्मकडे."

तिने स्वतः चष्मा लावला आणि आखूड लहरींचे तेच बटण चालू ठेवून दिवा माझ्याकडे वळवला. माझ्या अंगभर निळसर जांभळी धूसर झाक आली. कडांना जशी, मध्यावर तशीच. आखूड लहरींना माझे उन्हाने भाजलेले अंग आणि न भाजलेले अंग यांत फारसा फरक करता येत नाही. दोन्ही थोडे थोडे चमकते. रेघ एकही नव्हती. देवकाबाईंचा श्वास मला ऐकू येत होता.

"धोंडीबा, यायले इचार, पाह्यलं का?" चंपतराव म्हणाले.

चारुशीलाने दुसरे बटण दाबले.

मित्रांनो, या लांब लहरींना माझे न भाजलेले अंग जवळजवळ दादच देत नाही. दाद देतात ती उन्हाने बदललेली कडी. न दिसणारा प्रकाश ती गिळतात आणि निळा करून परत देतात. सोळा वर्षांचे ऊन माझ्या अंगातून निळे होऊन बाहेर आले. आणि त्या निळ्यात, जिथे जिथे सुधाकररावांची शाई होती तिथे तिथे, बारीक काळोख्या रेघा. शीव. ओढा. शेतांचे नंबर. मोहरीएवढी वर्तुळे. काही ठिकाणी रेघ तुटक होती, काही ठिकाणी नुसता भास. पण गाव होते.

"आई वं!" देवकाबाई एवढेच म्हणाल्या.

पांदण ओढ्याकाठून नव्हती. एकसष्ट आणि बासष्ट नंबरांच्या, म्हणजे याच दोन वावरांच्या, बरोबर मधून दोन समांतर रेघा जात होत्या आणि त्यांच्या टोकाला समोरासमोर दोन वर्तुळे होती. चारुशीलाने पट्टी लावून अंतरे घेतली, शिसपेन्सिलीने माझ्यावर खुणा केल्या, फोटो काढला आणि ताबडतोब दिवा बंद केला.

वामनरावांनी घोंगडी बाजूला करून माझ्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या. मग म्हणाले, "पोरी, हे मले लिहिता येत नाई. दिव्यात दिसलं म्हणून दफ्तरात कसं चढवू? आन् तुई पट्टी किती बरोबर?"

"अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे धरा."

"अर्धा मिलिमीटर म्हंजे वावरात चार मीटर."

"म्हणून रेघेवर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "वर्तुळावर ठेवा. वर्तुळ म्हणजे दगड. दगड खणून काढता येतो."

गुरुवारी सकाळी मला काळ्या कापडात गुंडाळून वावरात नेले. वामनरावांच्या माणसांनी शिवेवरच्या दगडापासून साखळी टाकत आणली. पहिल्या वर्तुळाची जागा आली आणि साखळी थांबली. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. कारण ती चंपतरावांच्या वावरात नव्हती. देवकाबाईंच्या कापसात होती, धुऱ्याच्या बांधापासून आठ तास, म्हणजे पिकाच्या आठ ओळी, आत. बोंडे फुटलेली, त्या वर्षीची सर्वांत चांगली पऱ्हाटी तिथेच उभी होती.

"बाई, तुमच्या पऱ्हाटीत खनाव लागते," वामनराव म्हणाले.

देवकाबाईंनी एकदा काट्यांकडे पाहिले, एकदा कापसाकडे. "खना," त्या म्हणाल्या.

हातभर खाली पहार वाजली. शेंदूर कधीच गेलेला, डोक्यावर छिन्नीने फुलीची खूण केलेला दगड निघाला. मग समोरच्या बाजूला खणले. तिथे चंपतरावांच्या वावरात, काट्यांच्या ढिगापासून दहा तास आत, दुसरा दगड.

पांदण दोन्हीकडून खाल्ली गेली होती. कुणी एका वर्षात खाल्ली नव्हती. दर पेरणीला वखर वीतभर बाहेरून वळवायचा, एवढेच. इकडच्या सासऱ्याने, तिकडच्या बापाने, मग मुलांनी. आणि प्रत्येक पिढीला मनापासून वाटत होते की वीत समोरच्यानेच खाल्ली.

वामनरावांनी दगडांची नोंद केली, पांदण दफ्तरात चढवली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि ते पुढच्या गावाला गेले.

"आमचे मामंजी म्हनत, माहा वखर सुतात चालते," देवकाबाई स्वतःशीच बोलल्या. "चांगला सुतात चालला." त्यांनी पदर खोचला. आधी त्या आठ तासांतला फुटलेला कापूस वेचून घेतला आणि मग एकेक पऱ्हाटी धरून उपटायला लागल्या. हिरवी बोंडे लागलेली पऱ्हाटी. चारुशीला मदतीला गेली तर म्हणाल्या, "राहू दे. हे मलेच कराव लागते."

चंपतराव धुऱ्यावर उभे होते. ऊन डोक्यावर आले. मग ते खाली उतरले आणि हातानेच बोराटीचे काटे ओढू लागले.

"वहिनी," ते म्हणाले. चौदा वर्षांनी. "बंडी आना. मी वाट मोकळी करतो."

देवकाबाई सवयीने वळल्या. "धोंडीबा, यायले सांग..." आणि थांबल्या. मग समोर पाहून म्हणाल्या, "भावजी, चप्पल त घाला पायात. काटा घुसन."

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपायला हवी. पण एक सांगायचे राहिले आहे आणि ते मी थकल्या अंगाने, मनापासून सांगते. तेव्हापासून कुणी पाहुणा आला की लोक धोंडीबाला म्हणतात, तो चमत्कार दाखव. तो चमत्कार नाही. उन्हाने पोळलेली जागा आणि शाईने वाचवलेली जागा, यांतला तो थोडासा फरक आहे. तोच माझी आठवण. मला पुन्हा पुन्हा उन्हात, पुन्हा पुन्हा दिव्याखाली धरलेत तर वाचलेली जागाही पोळेल, सगळे अंग सारखेच निळे होईल आणि गाव दुसऱ्यांदा पुसले जाईल. जाताना चारुशीलाने कपाटाच्या दारावर चिठ्ठी लावली आहे, "उजेडात काढू नये." ती वाचा. कोऱ्या दिसणाऱ्या वस्तू फेकण्याआधी, खिडकीला ठोकण्याआधी, त्यांच्यावर काय होते ते एकदा कुणाला तरी विचारा.

आणि शेतात वखर चालवाल तेव्हा धुऱ्याची वीत धुऱ्यालाच राहू द्या. सकाळी पांदणीतून कापसाच्या बंड्या जातात. एक देवकाबाईंची, एक चंपतरावांची. चाकांची करकर चावडीपर्यंत येते. जोवर ती ऐकू येते, तोवर मला उघडून पाहायची कुणाला गरज नाही. मला झोपू द्या.